चाकांवरचं बेट

माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीत चौदा वर्षं ‘तात्पुरता’ राहतो. गेल्या उन्हाळ्यात आम्ही गेलो, तेव्हा स्वारी स्वयंपाकघरात बेट बांधत होती. बेट म्हणजे ओट्यापासून सुटं, मधोमध उभं राहणारं टेबल. वर मेपलचे उभे तुकडे चिकटवून केलेला जाड ठोकळा. तिकडे त्याला खाटकाचा ठोकळा म्हणतात. हे मी आईला फोनवर सांगितलं नाही.

“दादा, याचे तंतू उभे असतात. सुरी त्यांच्यामधे शिरते, म्हणून धार टिकते,” तो मिनरल ऑइल चोळत म्हणाला. खायचं तेल लावलं तर खवट होतं म्हणे. बाटली पाहिली, तर आपल्याकडे बद्धकोष्ठावर देतात तेच लिक्विड पॅराफिन!

पण माझं लक्ष खाली. एवढ्या जड टेबलाला चार चाकं!

“चाकं कशाला रे?”

“परत जायचंच आहे ना कधीतरी.”

ज्या रकमेचं खातं ठरत नाही, ती आम्ही बँकेत सस्पेन्समधे टाकतो. फार दिवस राहिली की ऑडिटर विचारतो. आई दर रविवारी विचारते. पण जायचंय म्हणून माणसानं मांडूच नये का? तसं पाहिलं तर इथे कायमचा कोण आहे? आपल्या व्हिसावर तारीख छापलेली नसते, इतकंच.

निघायच्या दिवशी त्या ठोकळ्यावर पहिला कांदा मीच चिरला. बेट जरा हललं. भावानं मुकाट्यानं वाकून चारही चाकांना ब्रेक लावले.

डोळ्यांत पाणी आलं. ते मी कांद्याच्या नावे टाकलं.