एका अमावस्येची दोन पानं

आमच्या मारुंजीत पोळा श्रावणात नसतो, भाद्रपदी अमावस्येला असतो. त्याच दिवशी सर्वपित्री. म्हणजे एकाच चुलीवर पितरांचं आणि बैलांचं जेवण. सासूबाई होत्या तेव्हा आधी पितरांचं पान छपरावर जायचं, मग पुरणपोळीचा घास सर्ज्या-राजाच्या तोंडात. आदल्या दिवशी खांदेमळणी. जू घासून घट्टे पडलेल्या खांद्यांवर मी हळद नि लोणी चोळायची. तिथलं कातडं पायताणासारखं कडक लागायचं.

आता खाचर उरलंय वीस गुंठे, इंद्रायणी भाताचं. चिखलणी पॉवर टिलर करतो. पलीकडे हिंजवडीच्या काचेच्या इमारती. बैल विकून नऊ वर्षं झाली. पाटावर मातीची जोडी मांडते.

गेल्या वर्षी नातवानं विचारलं, "आज्जे, मातीचा बैल जेवतो का?"

"मग पणजोबा तरी कुठं जेवतात?" मी म्हटलं. तो गप्प झाला, अडकले मी. पितर मरणानं गेले. बैल आम्ही विकले, पैसे मोजून घेतले. पितृऋण श्राद्धानं फिटतं म्हणतात, विकलेल्याचं कशानं? पंचमहायज्ञातला भूतयज्ञ गायी-कुत्र्या-कावळ्याला घास काढायला सांगतो. बाजार दाखवलेल्या बैलाचं काय? भटजींना विचारलं तर नुसते हसले. दुपारपर्यंत त्यांना अजून पाच घरं होती.

यंदा मुलानं टिलरला कुंकू लावलं. लाव म्हटलं. पुरणपोळी मात्र मातीच्या जोडीपुढंच ठेवली, आणि संध्याकाळी दारावरून जाणाऱ्या कुणाच्याशा गायीला घातली.