घमेल्याला दोन हात लागतात

गडचांदूरच्या आठवडी बाजारात उभे राहिले की चार-पाच भाषा कानावर पडतात. मराठी, गोंडी, कोलामी, तेलुगू आणि सिमेंट कारखान्यांबरोबर आलेली हिंदी. एके काळी निजामाच्या राज्यात असलेला राजुऱ्याकडचा हा मुलूख, त्यामुळे तेलुगू इथे परकी नाही. बाजारात सगळे भेटतात आणि संध्याकाळी आपापल्या वस्तीत परततात. कारखान्याच्या कॉलनीतला मुलगा आणि जिवतीच्या डोंगरातल्या कोलामगुड्यावरचा, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरचा, मुलगा एका कामाला एकत्र लागले, असे क्वचितच घडते. एकोप्याची भाषणे ऐकताना मला हीच गोष्ट सलते.

आपल्याकडे सेवा म्हटले की वाटप आठवते. ब्लँकेट, वह्या, फराळ. गरजेच्या वेळी ते द्यावेच. पण वाटपात एक हात वर राहतो आणि एक खाली, त्यातून आपलेपणा येत नाही. तो येतो एकच घमेले दोघांनी उचलल्यावर.

याचा पुरावा आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात आहे. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन उभे राहिले. कुष्ठमुक्तांनी पिकवलेली भाजी सुरुवातीला वरोऱ्यात कोणी घेईना. पन्नासच्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे देशोदेशींचे स्वयंसेवक तिथे येऊन राहिले. त्यांनी रुग्णांच्या बरोबरीने बांधकाम केले, तिथलेच जेवले. ते पाहून गावाची भीती हळूहळू ओसरली. आजार स्पर्शाने जडत नाही हे डॉक्टर सांगतच होते. गावाला पटले ते दुसऱ्याला तिथे जेवताना पाहून!

सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचा जन्मही वैराच्या भूमीवरचा. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, स्वित्झर्लंडच्या पिएर सेरेसोल यांनी व्हर्दूनजवळच्या उद्ध्वस्त एन या फ्रेंच गावात शिबिर भरवले. कालच्या शत्रुदेशातले जर्मनही घरे उभारायला आले. विरोध झाला, काही महिन्यांत शिबिर आवरावे लागले. पण कल्पना टिकली आणि वरोऱ्याच्या माळापर्यंत पोचली.

पुढे १९६७ मध्ये मूल तालुक्यातल्या सोमनाथला बाबांची श्रमसंस्कार छावणी सुरू झाली. मे महिन्यातल्या चंद्रपुरी उन्हात कॉलेजची पोरे कुदळ-फावडे घेऊन राबू लागली. याच छावण्यांमध्ये घडलेले अनेक तरुण पुढे सामाजिक कामात दिसले. १९८५ मध्ये बाबा कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ अभियान घेऊन निघाले, तेव्हा सायकलींवर तरुणच होते. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाने तर ग्रामसफाई आणि सामुदायिक प्रार्थना यांची सांगड आपल्या गावोगावी कधीच घातली होती. अलीकडे चंद्रपुरात ‘इको-प्रो’ या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी २०१७ पासून गोंडकालीन किल्ल्याचा परकोट झाडाझुडपांतून मोकळा केला. ज्या भिंतीकडे शहराने पाठ फिरवली होती, ती त्यांच्या घामाने पुन्हा शहराची झाली.

एक सावधगिरी मात्र हवी. श्रमदानाच्या नावाखाली शासनाने पाणी, रस्ता, दवाखाना ही आपली जबाबदारी लोकांच्या डोक्यावर टाकू नये. आधीच मोलमजुरी करणाऱ्याकडून फुकट काम करून घेणे म्हणजे वेठबिगारी. श्रमदान आधी त्यांनी करावे ज्यांना घाम गाळायची सवय राहिलेली नाही. फोटोपुरता झाडू हातात धरणाऱ्यांबद्दल लिहून जागा वाया घालवत नाही.

गडचांदूरच्या महाविद्यालयांना आणि कारखान्यांच्या कॉलन्यांना माझी विनंती आहे. या हिवाळ्यात जिवतीच्या एखाद्या गुड्यावर आठवडाभर राहायला जा. जाण्याआधी तिथल्या माणसांना विचारा, काम कोणते करायचे आणि कसे. ते ठरवतील तेच करा, त्यांच्याबरोबर करा, त्यांच्या पंगतीला बसा. पुढच्या वर्षी त्यांना आपल्या कॉलनीत कामाला नव्हे, पाहुणे म्हणून बोलवा.