आकलनाचे गुण

दरवर्षी जूनच्या ७ तारखेस चीनमध्ये विद्यापीठ-प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा सुरू होते. तिकडे तिला 'गाओकाओ' म्हणतात. २०२४ साली तिच्यासाठी १ कोटी ३४ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नावे नोंदवली. एकूण ७५० गुणांपैकी १५० गुण परकीय भाषेचे असतात, आणि ती भाषा बहुतेकांच्या बाबतीत इंग्रजी असते. बहुसंख्य प्रांतांत चालणाऱ्या प्रश्नपत्रिकेत या १५० पैकी ५० गुण केवळ वाचनाला आहेत. अठरा वर्षांच्या मुलाने परक्या भाषेतील एक उतारा वाचला. तो त्याला समजला किंवा नाही हे तिऱ्हाइताने ठरवायचे, आणि त्या निर्णयावर त्याचे पुढील आयुष्य बऱ्याच अंशी अवलंबायचे. दुसऱ्याच्या मनात घडलेल्या गोष्टीला असे गुण देण्याचा अधिकार आपल्याला कोठून येतो, हा प्रश्न मला शिक्षणशास्त्रापेक्षा नीतिशास्त्राचा अधिक वाटतो.

परीक्षेची रीत साधी आहे. चार उतारे आणि त्यांवर पंधरा प्रश्न. प्रत्येकाला चार पर्याय आणि अडीच गुण. त्यानंतर पाच वाक्ये गाळलेला एक उतारा येतो. खाली सात वाक्ये दिलेली असतात, त्यांतील पाच योग्य जागी बसवायची आणि दोन फसवी ओळखून टाकून द्यायची. उताऱ्याचे तात्पर्य काय, लेखकाचा रोख कोणता, अमुक शब्दाचा येथे अर्थ काय, असे प्रश्न असतात. विद्यार्थी पेन्सिलीने एक लहानसा चौकोन काळा करतो आणि यंत्र तो चौकोन वाचते. मुलाने उतारा वाचताना काय अनुभवले, तो कोठे थबकला, कोठे हसला, याच्याशी यंत्राला कर्तव्य नाही.

ही यांत्रिकता चीनने निष्काळजीपणाने स्वीकारलेली नाही. तेथील राजसेवेच्या परीक्षा सुमारे तेराशे वर्षे चालल्या आणि १९०५ साली बंद झाल्या. सुंग राजवटीत उत्तरपत्रिकेवरील नाव झाकून टाकीत. पुढे तेवढ्यानेही भागेना, म्हणून लेखनिक बसवून उत्तरे नव्याने उतरवून घेऊ लागले. परीक्षकाला हस्ताक्षरावरूनही उमेदवार ओळखता येऊ नये, हा हेतू. अलीकडच्या काळात, सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत, १९६६ पासून प्रवेश परीक्षा थांबली आणि नंतर प्रवेश मिळाले ते शिफारशीवर. १९७७ च्या हिवाळ्यात ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा सुमारे ५७ लाख उमेदवार बसले आणि तीन लाखांहूनही कमी निवडले गेले. ज्या समाजाने शिफारशीचे राज्य सोसले आहे, त्याला काळा केलेला चौकोन तुच्छ वाटत नाही. चौकोनाला मामा-काका नसतात. १९८५ साली ग्वांगडोंग प्रांतात गुई शिचुन आणि ली शियाओजू या प्राध्यापकांनी वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या इंग्रजी परीक्षेचा प्रयोग केला, त्यामागे भाषाशास्त्र होतेच; पण तो समाजात रुजला तो या जुन्या जखमेमुळे, असे मला वाटते.

मात्र निःपक्षपातीपणाची किंमत मोजावी लागते. आधी प्रश्न वाचा, मग उतारा. ज्या पर्यायात 'नेहमी' किंवा 'केवळ' असा ठाम शब्द असेल तो बहुधा चूक. उताऱ्यातील शब्द जसाच्या तसा उचललेला पर्याय दिसला तर सावध व्हा. अशा युक्त्या वर्गावर्गांतून घोटून घेतल्या जातात. त्यांच्या बळावर न समजताही बरोबर उत्तर देता येते, आणि नीट समजलेला मुलगा अधिक विचार केल्यामुळे चुकू शकतो. खेड्यातील मुलाची अडचण आणखी वेगळी. संग्रहालयाची वेळापत्रके, परदेशातील सहली, समुद्रावरचे खेळ हे विषय ज्याने कधी पाहिले नाहीत, त्याला शब्द कळूनही चित्र दिसत नाही.

स्वभाषेतही हे संकट टळत नाही. २०१७ साली झेजियांग प्रांतात चिनी भाषेच्या प्रश्नपत्रिकेत गोंग गाओफंग यांची एक कथा होती आणि तिच्या शेवटी येणाऱ्या माशाच्या डोळ्यांतील विलक्षण चमकेवर प्रश्न होता. खुद्द लेखकानेच जाहीर केले की याचे उत्तर मला ठाऊक नाही! आपल्याकडे मीमांसकांनी ग्रंथाचे तात्पर्य ठरवण्यासाठी उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती अशी सहा साधने सांगितली. लोकमान्यांनी 'गीतारहस्या'च्या आरंभीच त्यांचा आधार घेतला आहे. ही साधने हाताशी असूनही शंकराचार्य, रामानुज आणि मध्व यांना एकाच गीतेतून तीन तात्पर्ये मिळाली. चार पर्यायांच्या परीक्षेत त्यांपैकी निदान दोन आचार्य नापास झाले असते. असो.

याच झेजियांग प्रांतात नोव्हेंबर २०१८ मध्ये जे घडले, त्यावर मी अजून विचार करतो. तेथे इंग्रजीची परीक्षा दोनदा देता येते आणि अधिक गुण धरले जातात. त्या खेपेची प्रश्नपत्रिका आदल्या वर्षीपेक्षा कठीण निघाली. दोन वर्षांच्या गुणांची तुलना व्हावी, म्हणून अधिकाऱ्यांनी वाचन आणि भाषा-उपयोजन या विभागांतील काही प्रश्नांना परीक्षेनंतर निराळा भार दिला. निकाल लागल्यावर विद्यार्थी आणि पालक खवळले. कोणत्या प्रश्नाचे वजन वाढणार हे परीक्षेपूर्वी कोणालाच सांगितले नव्हते. बरोबर उत्तरे सारखीच असूनही, ती कोणत्या प्रश्नांची यावर गुण कमी-अधिक होऊ शकत होते. प्रांतिक सरकारने चौकशी केली, डिसेंबरमध्ये वाढीव भार रद्द करून मूळ गुण कायम केले आणि शिक्षण विभागाच्या प्रमुखांना पदावरून दूर केले.

अधिकाऱ्यांचा हेतू वाईट होता असे मला म्हणवत नाही. कठीण प्रश्नपत्रिका वाट्याला आलेल्यांवर अन्याय होऊ नये, हा विचार न्याय्यच होता. पण तो साधताना त्यांनी एकाच दालनात शेजारी बसलेल्या दोघांमधला न्याय मोडला. शिवाय, चार पर्यायांच्या कठीण प्रश्नाचे उत्तर बरोबर आले म्हणजे तो प्रश्न समजलाच असे कोठे आहे? नुसते डोळे मिटून टिंब केले तरी चारांत एकदा जमते. भार वाढवला म्हणजे आकलनाबरोबर नशिबाचाही भार वाढतो.

हे लिहिताना मला माझीच एक चूक आठवते. सेवेत असताना एका विभागीय परीक्षेत, उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर एक प्रश्न सदोष निघाला. त्याचे पूर्ण गुण सर्वांना द्यावेत असे मी सुचवले आणि तसेच झाले. न्याय केल्याच्या समाधानात मी घरी गेलो. काही दिवसांनी एक कारकून भेटायला आला आणि उभ्यानेच म्हणाला, "साहेब, तो प्रश्न चुकीचा आहे हे मला तिथेच कळलं होतं. त्याच्यापायी माझी वीस मिनिटं गेली. ज्यानं तो वाचलासुद्धा नाही, त्याला माझ्याइतकेच गुण?" त्याचे म्हणणे खरे होते. प्रश्न खऱ्या अर्थाने समजलेला कदाचित तो एकटाच, आणि त्या समजण्याचीच त्याला शिक्षा झाली. मी त्याला बसायला सांगितले, चहा मागवला. उत्तर मात्र माझ्याजवळ नव्हते.

तरीही निवड करायचीच झाली तर मी आधी जाहीर केलेल्या नियमाच्या बाजूने उभा राहीन. हजारोंतून काहींना निवडायचे तर काहीतरी मोजलेच पाहिजे, आणि जे मोजायचे ते सर्वांना ठाऊक असलेल्या मापाने मोजावे. माझा आक्षेप नावाला आहे. त्या ५० गुणांना 'पर्यायनिवड' म्हटले तर माझी तक्रार नाही. त्यांना 'आकलन' म्हटले की खेड्यातील मुलगा स्वतःविषयी काही खोटे शिकून घरी जातो: आपल्याला समजत नाही, असे.

झेजियांगने आणखी एक वाट चाचपून पाहिली आहे. ऑक्टोबर २०१६ पासून तेथे अर्धवट तोडलेली गोष्ट देतात आणि पुढचे दोन परिच्छेद विद्यार्थ्याने लिहायचे असतात, सुमारे दीडशे शब्दांत. त्याला २५ गुण. पुढे हा प्रकार इतर अनेक प्रांतांतही गेला. गोष्ट पुढे न्यायची तर ती समजलीच पाहिजे, तेथे युक्ती चालणार नाही, असे वाटले होते. आता शिकवणीवर्गांत रडण्याची, आनंदाने उडी मारण्याची, भीतीने हातपाय गार पडण्याची तयार इंग्रजी वाक्ये पाठ करून घेतात. मग ती तपासणाऱ्या शिक्षकापुढे एकामागून एक अशा उत्तरपत्रिका येत राहतात, ज्यांत निरनिराळ्या मुलांच्या गालांवरून तेच अश्रू त्याच शब्दांत ओघळतात. आणि त्यांतला कोणाचा खरा, हे त्याला ठराविक वेळात ठरवून गुण मांडायचे असतात.