चंद्रोदयाची प्रतीक्षा
संकष्टी चतुर्थीचा उपवास चंद्रदर्शनानंतर सोडला जातो. तोच चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर पृथ्वीपासून दूर जात आहे. १९६९ पासून त्याच्या भूमीवर ठेवलेल्या परावर्तकांवर लेसर किरण सोडून हे अंतर मोजले जाते. याचे मूळ भरती-ओहोटीत आहे. तिच्या घर्षणाने पृथ्वीचे परिवलन मंदावते, दिवस किंचित लांबतो आणि चंद्राची कक्षा विस्तारते. मग जो स्वतःच स्थिर नाही, त्याच्यावर व्रत सोपवावे काय? पंचांगकर्त्यांनी तरी चंद्राची गती एकसारखी कुठे मानली होती? तिथी कधी सुमारे २० तासांची, तर कधी सुमारे २६ तासांची. म्हणून तर क्षयतिथी आणि वृद्धितिथी. व्रतात अढळ असावा लागतो तो भाविकाचा नेम. पावसाळ्यात ढगांआड चंद्र दिसतही नाही. तेव्हा पंचांगातील चंद्रोदयाची वेळ पाहून भाविक त्या दिशेला अर्घ्य देतात.