वास आणि सहवास

गेल्या दिवाळीला मुलगा पुण्याहून पांढुर्ण्याला आला, तो माझ्यासाठी सेंटची बाटली घेऊन. नाव 'ओ सोवाज'. उटण्याच्या वासावर वाढलेल्या माणसाला या वयात हे सोंग कशाला, असेच आधी मनात आले. पण मनगटावर एक फवारा घेतला आणि थबकलो. प्रथम लिंबाचा ताजेपणा, मग ओळखीचा वाळा. आणि या दोहोंच्या मध्ये काहीतरी असे, की शोधायला जावे तर सापडू नये.

एडमंड रूदनित्स्का या गंधकाराने दिओर या फ्रेंच पेढीकरिता 1966 साली हे पुरुषांसाठी तयार केले. चमेलीच्या वासात अल्प प्रमाणात असणारे हेडिओन नावाचे द्रव्य त्याने त्यात वापरले. ते स्वतः फारसे दरवळत नाही. इतर वासांमध्ये हवा खेळती ठेवते. थोडक्यात, त्याची करामत भर घालण्यात कमी आणि जागा मोकळी ठेवण्यात अधिक.

येथूनच एक प्रश्न मनात आला. सुगंध लावायचा तो कोणासाठी? आपल्या नाकाला आपला वास थोड्याच वेळात सवयीचा होतो. मग तो येईनासा झाला म्हणून माणूस आणखी लावतो, आणि शेजारच्याचे डोके दुखते. म्हणजे सुगंधाचे माप लावणाऱ्याच्या नाकात नसतेच, ते दुसऱ्याच्या नाकात असते. सद्‌गुणांचेही असेच नाही का?

1978 साली मी नागपूरला वसतिगृहात होतो. बाबा संत्र्याचा माल घेऊन आले, ते तसेच माझ्या खोलीवर. अंगाला घाम, तरट आणि संत्र्याच्या सालीचा वास. मित्र बसलेले होते. मी काही न बोलता मागून त्यांच्या सदऱ्यावर भडक सेंट मारले. ते माझ्याकडे पाहत राहिले आणि हळूच म्हणाले, "माह्या आंगाचा वास येते का रे?" मी उत्तर दिले नाही. चहा न घेताच ते उठले.

लग्नात आपण पाहुण्याला अत्तर लावतोच की! पण तेथे पाहुणा आपण होऊन हात पुढे करतो. मी बाबांना विचारलेही नव्हते. सुगंधाने माणसाचा मान वाढतो, तसाच तो पुसलाही जातो. फरक बाटलीत नसतो.

आपण दोन भाषांच्या मधले लोक. हिंदीत 'बू' वाईट आणि 'खुशबू' चांगली. मराठीत मात्र 'वास' हा एकच शब्द फुलालाही चालतो आणि घामालाही. शिवाय वास म्हणजे राहणे, त्यातूनच सहवास. कोणाजवळ राहायचे, तर त्याचा वासही आपला मानावा लागतो. उत्तम सुगंध तोच, जो जवळ येणाऱ्यालाच भेटतो आणि आतला माणूस झाकत नाही.

बाबा आता नाहीत. आंबिया बहाराला संत्र्याची झाडे फुलली, की सौसरपर्यंतची शिवारे हलकी दरवळतात. त्या वासाचे कोणाला ओझे होत नाही. मी ती बाटली अजून वापरतो, एकच फवारा. सदऱ्याला मात्र लावत नाही.