सोडला म्हणजे सुटला का?

गळाला लागलेला मासा पुन्हा पाण्यात सोडून दिला, म्हणजे त्याच्यावर दया केली असे म्हणता येईल का? समुद्रकाठी वाढलेल्या आपल्या लोकांना हा प्रश्नच विचित्र वाटेल. मासा धरायचा तो खाण्यासाठी किंवा विकण्यासाठी. सोडूनच द्यायचा असेल तर धरायचा कशाला? परंतु आज जगात असंख्य माणसे सुट्टी काढून, भरपूर पैसे मोजून दूरच्या बेटांवर जातात, किनाऱ्याच्या उथळ पाण्यात दिवसभर उभी राहून मासे धरतात आणि धरलेला प्रत्येक मासा सोडून देतात. ती याला खेळ म्हणतात. मासा मारला नाही, तेव्हा आपल्या हातून काही वाईट घडले नाही, असे त्यांना मनापासून वाटते. हे वाटणे कितपत खरे आहे, याचा आज आपण थोडा विचार करू या. कारण प्रश्न केवळ माशाचा नाही. आपल्या आनंदाची किंमत दुसऱ्या जिवाने किती मोजावी, हा प्रश्न आहे.

उदाहरण म्हणून एक बेट घेऊ. पॅसिफिक महासागरात, हवाईच्या दक्षिणेला २,००० किलोमीटरांहून थोड्या अधिक अंतरावर, विषुववृत्ताजवळ किरिसमास नावाचे बेट आहे. हे नाव म्हणजे 'ख्रिसमस' या शब्दाचेच तिथल्या भाषेतले रूप. कॅप्टन जेम्स कुक १७७७ साली नाताळच्या आदल्या दिवशी, २४ डिसेंबरला, तिथे पोहोचला आणि त्याने बेटाला हे नाव दिले. प्रवाळांनी बनलेल्या कंकणाकृती बेटांमध्ये जमिनीच्या दृष्टीने हे जगातले सर्वांत मोठे बेट. आज ते किरिबास (नकाशावर किरिबाती) या देशात मोडते. हा देश १९७९ साली स्वतंत्र झाला आणि त्यातले निम्म्याहून अधिक लोक कॅथोलिक आहेत. बेटाची लोकवस्ती सुमारे सात हजार. तिथल्या गावांची नावे ऐकून मौज वाटते: लंडन, पोलंड, बनाना! पॅरिससुद्धा आहे, पण तिथे आता कोणी राहत नाही. पूर्वी फिजीत मिशनरी असलेल्या इमॅन्युएल रुझिये या फ्रेंच धर्मगुरूंनी १९१७ पासून हे बेट भाडेपट्ट्याने घेऊन तिथे लाखो माड लावले. लंडन आणि पॅरिस ही नावे त्यांचीच.

या बेटावर बाहेरची माणसे वेळोवेळी आली आणि प्रत्येकाने आपापल्या सोयीचे तेवढे पाहिले. कुक आला तेव्हा तिथे वस्ती नव्हती. त्याच्या खलाशांनी सुमारे तीनशे कासवे पकडून जहाजावर चढवली. १९५७-५८ मध्ये ब्रिटनने आणि १९६२ मध्ये अमेरिकेने या बेटावर व त्याच्या परिसरात अण्वस्त्रांच्या चाचण्या घेतल्या. आता येतात ते गळ टाकणारे पाहुणे. त्यांची तुलना बॉम्ब फोडणाऱ्यांशी करणे अन्यायाचे होईल. ते शांतपणे येतात, बेटावर प्रेम करतात, पुन्हा पुन्हा येतात. तरीही दुसऱ्याच्या दारी आपण काय घेण्यासाठी आलो आहोत, हा प्रश्न त्यांनाही चुकत नाही.

ते ज्या माशासाठी येतात, त्याला इंग्रजीत बोनफिश म्हणतात. तिथले लोक त्याला इकारी म्हणतात. नावाप्रमाणेच हा मासा काटेरी, आपल्या पाल्यासारखा बारीक काट्यांनी भरलेला. भरती आली की तो प्रवाळाच्या आतल्या उथळ पाण्यात चरायला येतो आणि वाळूत तोंड खुपसून खेकडे, कोळंबी शोधतो. त्याचे रुपेरी अंग आरशासारखे असते. खालच्या वाळूचाच रंग त्यावर उमटतो, त्यामुळे दहा पावलांवरचा मासाही नवख्याला दिसत नाही. पाहुणा गुडघाभर पाण्यात उभा असतो आणि शेजारचा स्थानिक वाटाड्या त्याला बोटाने मासा दाखवतो. पिसांचे आणि केसांचे, कोळंबीसारखे दिसणारे आमिष अलगद माशासमोर टाकायचे. गळ लागला की मासा जो सुसाट सुटतो, तो कधी कधी शंभर मीटर दोरी ओढून नेतो. या धावेसाठीच सारा खटाटोप. मग हळूहळू त्याला जवळ आणायचे, हातात घ्यायचे, छायाचित्र काढायचे आणि सोडून द्यायचे.

आता या खेळाच्या बाजूने काय म्हणता येईल, ते प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. पहिली गोष्ट म्हणजे त्यावर घरे चालतात. बेटावर खोबरे वाळवणे, मासेमारी आणि सरकारी नोकऱ्या यांपलीकडे रोजगार थोडा आहे. वाटाड्याचे काम ही तिथे मानाची नोकरी आहे, आणि ज्याच्या आजोबाने भरती-ओहोटी ओळखली तोच ती नीट करू शकतो. दुसरी गोष्ट अशी की मारलेला मासा एकदाच उपयोगी पडतो, जिवंत मासा अनेक पाहुण्यांना बोलावतो. म्हणून तो जिवंत ठेवण्यात गावाचे हित असते. हे हित सांभाळले नाही तर काय होते, ते त्याच देशातल्या तारावा या राजधानीच्या बेटसमूहात दिसले. तिथे बेटे जोडण्यासाठी भराव घालून रस्ते बांधले गेले. इकारी पौर्णिमेच्या सुमारास अंडी घालण्यासाठी थव्याने बाहेरच्या समुद्राकडे जाते. तिच्या वाटा या भरावांनी अडल्या, आणि ज्या उरल्या त्यांवर जाळी लागली. रॉबर्ट जोहान्स आणि त्यांचे किरिबासी सहकारी यीटिंग यांनी तिथल्या जुन्या मच्छिमारांना विचारून याची नोंद केली. पूर्वी नेमाने येणारे थवे एकामागून एक नाहीसे झाले होते. तेव्हा 'खाणे नैसर्गिक, म्हणून ते निर्दोष' असेही सरळ म्हणता येत नाही.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. माशाला वेदना होतात का? २००३ साली स्कॉटलंडमध्ये लिन स्नेडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांवर प्रयोग केले. माशाच्या ओठांत इजा ओळखणाऱ्या मज्जातंतूंची टोके आहेत, हे त्यांनी दाखवले. ओठांना आम्ल टोचलेले मासे तोंड तळाच्या खड्यांवर घाशीत होते आणि बराच वेळ त्यांनी अन्नाला तोंड लावले नाही. याउलट जेम्स रोझ या अमेरिकन संशोधकाने २००२ मध्ये असे मांडले होते की, माणसाच्या मेंदूतला जो भाग वेदनेची जाणीव देतो तो माशाकडे नाही, म्हणून त्याची तडफड म्हणजे आपल्यासारखी वेदना नव्हे. हा वाद अजून मिटलेला नाही. पण जिथे शंका आहे तिथे शंकेचा फायदा कोणाला द्यायचा? ज्याला केवळ गंमत हवी आहे त्याला, की ज्याच्या ओठात गळ आहे त्याला?

शिवाय सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असे नाही. बहामा बेटांवर याच प्रकारच्या माशांचा अभ्यास झाला. झुंजीने दमलेला आणि फार वेळ पाण्याबाहेर धरलेला मासा सोडल्यावर तोल राखू शकत नाही, कुशीवर पडतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार, असा तोल गेलेला मासा शिकारी माशांच्या तोंडी जाण्याचा धोका इतरांच्या सहापटीहून अधिक होता. जवळच मुशी, म्हणजे शार्क, फिरत असतात. पाहुणा समाधानाने 'गेला बघा पोहत' म्हणतो, त्यानंतरच्या चार-पाच मिनिटांत काय झाले हे त्याला दिसत नाही. छायाचित्रात हसरा चेहरा असतो आणि माशाचा शेवट चौकटीबाहेर.

काही देशांनी याचा निकाल कायद्याने लावला आहे. जर्मनीच्या १९७२ च्या प्राणिरक्षण कायद्याप्रमाणे योग्य कारणावाचून प्राण्याला वेदना देता येत नाहीत. खाणे हे योग्य कारण, पण निव्वळ धरून सोडण्याचा खेळ हे नव्हे, असा त्याचा अर्थ तिथे साधारणपणे लावला जातो. स्वित्झर्लंडने तर २००८ च्या नियमावलीत सोडण्याच्या हेतूने गळ टाकण्यालाच मनाई केली. म्हणजे एका देशात जे सौजन्य, ते दुसऱ्या देशात गुन्हा! आणि जो मासा घरी नेऊन खातो तो तिथे निर्दोष.

मग खरे कोणाचे? आम्हाला वाटते, 'खाल्ला की सोडला' या एका प्रश्नावर दोष ठरवण्यातच चूक आहे. आपल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात (परिच्छेद २४१७ व २४१८) अन्नासाठी प्राण्यांचा उपयोग करण्यास मुभा आहे. मात्र गरज नसताना त्यांना यातना देणे वा मारणे हे माणसाच्याच प्रतिष्ठेला बाधक मानले आहे. मासा खाणे हे पाप नाही. पुनरुत्थित प्रभूने किनाऱ्यावर निखारे पेटवून शिष्यांसाठी मासे भाजले, हे आपल्याला ठाऊकच आहे. तेव्हा पाहायचे ते गरज किती आणि माप किती.

या मापाने पाहिले तर चित्र बदलते. पोलंड गावातली एखादी आई संध्याकाळी मुलांसाठी दोन इकारी धरते, काटे काढत काढत ती खाऊ घालते आणि थांबते. त्याच दिवशी एखादा पाहुणा वीस इकारी धरतो, विसाव्या माशाच्या वेळी पहिल्याचा आनंदही उरलेला नसतो, तरी आकडा वाढावा म्हणून गळ टाकत राहतो. एकही मासा त्याने मारलेला नाही. तरीही दोघांपैकी अधिक घेतले कोणी, असे विचारले तर आम्ही त्या आईकडे बोट दाखवणार नाही. आणि पाहुण्यांचा खेळ टिकावा म्हणून 'गावकऱ्यांनी जाळी लावू नयेत' असे जेव्हा कोणी म्हणते, तेव्हा हेही विचारले पाहिजे की त्या जाळ्याऐवजी त्यांच्या ताटात काय पडणार आहे. पाहुण्यांचा पैसा वाटाड्याच्या घरी पोहोचतो. ज्या घरात वाटाड्या नाही, त्या घराचे काय? ताट रिकामे ठेवून सांगितलेला संयम हा संयम नव्हे. तो दुसऱ्यावर लादलेला उपवास आहे.

म्हणून सोडणे आणि थांबणे यांत आम्ही भेद करतो. मासा सोडताना हातात आलेली वस्तू आपण परत देतो. पण तोवर आपली हौस भागलेली असते, म्हणून ते सोपे जाते. थांबताना हौस अजून शिल्लक असते आणि तरीही हात आवरावा लागतो, म्हणून ते कठीण. समुद्रावर पोट असणाऱ्यांना हे थांबणे परके नाही. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. ज्यांची चूल त्यावर पेटते तेच हे दोन महिने कळ काढतात. मग ज्यांना निव्वळ विरंगुळा हवा आहे, त्यांना 'आज एवढे पुरे' म्हणणे जड का जावे?

सुट्टीत किनाऱ्यावर गळ टाकूच नये, असे आम्ही म्हणत नाही. पाण्यात उभे राहून भरतीची वाट पाहणे, समोरच्या जिवाच्या सवयी ओळखणे, तो निसटला तर हसणे, यांतून माणूस नम्र होतो. पण त्या आनंदाचे काही देणे लागते. गळाच्या टोकाचा उलटा काटा चेपून टाकावा, म्हणजे गळ सहज निघतो. झुंज लांबवू नये. अंगावरचा बुळबुळीत थर निघू नये म्हणून कोरड्या हाताने मासा धरू नये, आणि शक्यतो पाण्याबाहेर काढूच नये, मग छायाचित्र नाही मिळाले तरी चालेल. मुशी दिसल्या तर जागा सोडावी. आणि पाण्यात उतरण्यापूर्वीच मनाशी आकडा ठरवावा.

आपल्या धर्मग्रामातली काही कुटुंबेही आता सुट्टीत अंदमान, लक्षद्वीप, मालदीवला जातात आणि सहलीच्या कार्यक्रमात गळ टाकण्याची एक संध्याकाळही असते. त्या संध्याकाळी मुले नक्की विचारतील, "बाबा, याला दुखलं असेल का?" त्या प्रश्नाला हसून बगल देऊ नये. 'आपण सोडला ना, मग झालं' असे सांगून मुलाची समजूत पटेल, पण त्याच्या मनात नुकतीच जागी झालेली करुणा पुन्हा झोपी जाईल. त्यापेक्षा खरे ते सांगावे, "दुखलं असेल, बाळा. म्हणून आता गळ गुंडाळू या." एवढे ऐकून त्या मुलाला दया म्हणजे काय हे समजेल, आणि त्याच्या बाबांनाही.