शिट्टीचा अधिकार
महागावच्या कापूसपट्ट्यात जो पंधरा वर्षांचा मुलगा वेचणीच्या दिवसांत काट्याशी बसून मजुरीचा हिशेब बिनचूक ठेवतो, त्याला बालवीर (स्काउट) पथकात नुसता सलाम शिकवावा, हे मला विसंगत वाटते. १९५० साली स्थापन झालेल्या भारत स्काउट्स आणि गाइड्सच्या प्रतिज्ञेत ‘ईश्वर’ या शब्दाऐवजी ‘धर्म’ म्हणण्याची मुभा आहे. सवलत वरकरणी किरकोळ, परंतु सारा प्रश्न तिच्यातच आहे, कारण ईश्वराची आज्ञा पाळता येते, धर्म मात्र प्रसंगी स्वतःच ठरवावा लागतो. अशा मुलाच्या गळ्यात पथकातल्या संघनायकाची शिट्टी आली, की धाकट्यांची तहान, भीती आणि (हे मास्तर विसरतात) चुकाही त्याच्या खात्यावर जमा होतात. म्हणून पैनगंगेकाठच्या मुक्कामात त्याची गाठ सुटून मध्यरात्री राहुटी कोसळली, तरी गुरुजींनी कंदील घेऊन धावू नये. दोरी ताणण्याआधी त्याने धाकट्याला कोरड्या जागी बसवले का, एवढे दुरून पाहावे.